झुंबर घेण्याआधी छत बघा, आणि ते कुठून दिसणार ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ग्वाल्हेरला माधवगंजात जुन्या घराच्या जागी नवं दुमजली घर उभं राहतंय. रस्त्याकडची दगडी पट्ट्यांच्या छताची एक खोली तशीच ठेवली आहे. खालचा स्लॅब पडलाय, वरचा पुढच्या महिन्यात पडेल. हॉल १४ बाय २० फूट, छत १० फूट. हॉललाच लागून जेवणाची जागा, तिथे सहा माणसांचं टेबल. घराच्या मधोमध उघडा जिना, वर तीन झोपायच्या खोल्या, खाली छोटं देवघर. वहिनींना हॉलमध्ये क्रिस्टलचं झुंबर हवंय, मुलाला एलईडीच्या कड्यांचं. आजोबांच्या वेळची, दिवा लावून टांगायची काचेची एक हंडी माळ्यावर सापडली आहे, तिचं काय करावं सुचत नाही. कोणत्या खोलीत कोणत्या धाटणीचं झुंबर लावावं?

धाटणी मी नेहमी शेवटी ठरवते. त्याआधी दोन गोष्टी बघते. छत किती उंच आहे आणि किती वजन पेलेल, ही एक. त्या खोलीत माणूस झुंबराकडे कुठून बघणार, ही दुसरी. हॉलमध्ये माणूस सोफ्यावर बसलेला असतो किंवा दारातून आत येत असतो. जेवताना झुंबर थेट समोर, कपाळाच्या रेषेत येतं. पलंगावर तो उताणा पडलेला असतो आणि झुंबराचं पोट बघतो. जिन्यात तर खालूनही बघतो आणि वरूनही. दुकानात मात्र आपण सगळी झुंबरं एकाच पद्धतीने बघतो, उभं राहून, मान वर करून, शेजारी वीस दिवे लागलेले असताना. तिथे मनात भरलेलं झुंबर घरी आल्यावर डोळ्यांत खुपतं, ते बहुतेक वेळा याच कारणाने.

आपल्या ग्वाल्हेरकरांचं आणखी एक आहे. झुंबर म्हटलं की डोळ्यांपुढे जयविलासचा दरबार हॉल येतो. जयाजीराव शिंद्यांच्या काळात, १८७४ साली, मायकेल फिलोज यांच्या आराखड्यावर तो महाल उभा राहिला. दरबार हॉलमधली दोन झुंबरं प्रत्येकी साडेतीन टनांची असल्याचं सांगतात. छत एवढं वजन पेलेल का, हे बघायला छतावर हत्ती चढवले होते ही गोष्ट इथे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवली जाते. हत्ती आठ होते की दहा, हे सांगणाऱ्यागणिक बदलतं, पण त्या गोष्टीतला क्रम मला फार मोलाचा वाटतो. आधी छताची परीक्षा झाली, मग झुंबर चढलं. आपण झुंबर पसंत करून, पैसे देऊन घरी आणतो, आणि मग वायरमन शिडीवर चढून विचारतो की हे टांगायचं कशाला.

त्या हॉलमधून घेण्यासारखी दुसरी गोष्ट म्हणजे अंतर. तिथलं छत दोन मजल्यांहून उंच आहे आणि झुंबरापासून माणूस भरपूर लांब उभा असतो. काचेचे लोलक चमकतात ते प्रकाश टोकदार असला तरच. दिव्याचा उजेड एका बारीक ठिकाणाहून निघाला तर लोलकाच्या पैलूंतून तो फुटतो आणि सात रंगांचे ठिपके भिंतीवर पडतात. दुधी काचेचा दिवा किंवा एलईडीची पट्टी लावली की उजेड पसरट होतो आणि तेच लोलक मलूल दिसतात. म्हणजे क्रिस्टलला उघडा, स्वच्छ काचेचा दिवा हवा. आणि उघडा दिवा डोळ्याला सोसायचा तर तो डोळ्यापासून दूर, वर हवा. क्रिस्टलला उंची लागते ती मुख्यतः या कारणाने, डौलाचा प्रश्न त्यानंतरचा.

आता हे तुमच्या हॉलला लावून बघू. खोलीची लांबी आणि रुंदी फुटांत घ्यायची, बेरीज करायची, आणि तेवढे इंच झुंबराचा व्यास धरायचा, हा आमच्या कामातला जुना ठोकताळा. १४ आणि २० मिळून ३४, म्हणजे ३४ इंचांच्या आसपास. उंचीचा ठोकताळा असा की छताच्या दर फुटाला अडीच ते तीन इंच, म्हणजे १० फुटांना २५ ते ३० इंच. पण तिसरी गोष्ट या दोन्हींच्या वर आहे. ज्या जागेखालून माणसं चालतात, तिथे झुंबराचं खालचं टोक जमिनीपासून ७ फुटांच्या खाली यायला नको. १० फूट म्हणजे १२० इंच, त्यातून ८४ गेले, उरले ३६. या ३६ इंचांत छताजवळची वाटी, साखळी आणि झुंबर, सगळं बसवायचं. त्यात ठेकेदाराने सहा इंच खाली फॉल्स सीलिंग उतरवलं की हातात ३० इंच राहतात आणि झुंबर छताला चिकटल्यासारखं दिसतं. फॉल्स सीलिंग करायचंच असेल तर कडेने करा आणि मधला भाग मूळ स्लॅबपर्यंत उघडा ठेवा.

झुंबराखाली सेंटर टेबल असलं तर थोडं खाली घेता येतं, असं दुकानदार सांगतील. एरवी ते खरं आहे, पण आपल्या घरांत नाही. गणपतीत, चैत्रातल्या हळदीकुंकवाला, मुंजीच्या केळवणाला ते टेबल उचलून आतल्या खोलीत जातं, हॉल रिकामा होतो आणि उंच माणसं नेमकी त्याच जागेखालून ये-जा करतात. तेव्हा ७ फूट पक्के धरा.

सोफ्यावर बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून साधारण पावणेचार ते चार फुटांवर असतो. झुंबर त्याच्यापासून सहा-सात फूट पुढे आणि जेमतेम तीन फूट वर. गप्पा मारताना समोरच्याच्या चेहऱ्याच्या थोडं वर, सतत नजरेच्या टप्प्यात. तिथे आठ उघडे दिवे जळत असतील तर अर्ध्या तासात डोळे शिणतात आणि घरातलं कोणीतरी उठून ते बंद करतं. त्यानंतर ते झुंबर फक्त पाहुण्यांपुरतं लागतं. म्हणून वहिनींची नाराजी पत्करूनही सांगते, या हॉलमध्ये क्रिस्टल नको. इथे पितळी किंवा काळसर धातूच्या सहा-आठ फांद्यांचं, एकाच थराचं, पसरट झुंबर घ्या आणि प्रत्येक दिव्यावर दुधी काचेची वाटी किंवा घंटेच्या आकाराची काच असू द्या. फांद्यांखाली चार-सहा लोलक असले तर असोत, पण झुंबराचं मुख्य अंग काचेच्या वाट्या हेच. क्रिस्टलला मी तुमच्या घरात याहून चांगली जागा देणार आहे, ती पुढे सांगते.

व्यास ठरवताना ठोकताळ्यावर संपूर्ण विसंबू नका. पुठ्ठ्याचं ३४ इंचांचं वर्तुळ कापा आणि सुतळीने हॉलच्या मधल्या बिंदूला, ठरवलेल्या उंचीवर बांधा. दोन दिवस तसंच राहू द्या. दारातून आत या, सोफ्याच्या जागी खुर्ची टाकून बसा, जेवणाच्या बाजूने बघा. हॉल जेवणाच्या जागेकडे उघडा असल्यामुळे तुम्हाला ३४ थोडं लहान वाटेल असा माझा अंदाज आहे. ३६ चालेल. ४० झालं तर पंख्यांची अडचण येईल.

पंख्यांचा विचार झुंबराच्या कॅटलॉगमध्ये कुठेच नसतो, कारण बरेचसे नमुने पंखा नसलेल्या देशांतले असतात. ग्वाल्हेरला मार्च ते ऑक्टोबर पंखा बंद होत नाही. तुमच्या २० फुटी हॉलमध्ये दोन पंखे असतील, दोन्ही टोकांपासून ५ फुटांवर, आणि मधोमध झुंबर. नेहमीच्या १२०० मिलिमीटरच्या पंख्याचं पातं मध्यापासून २ फूट जातं. ३४ इंचांचं झुंबर मध्यापासून साधारण दीड फूट. पंखा आणि झुंबर यांच्या मध्यांत अंतर ५ फूट, म्हणजे पात्याच्या टोकापासून झुंबराच्या कडेपर्यंत दीड फूट मोकळा राहतो. धडक बसणार नाही, पण वारा लागेल. लोलकांनी भरलेलं झुंबर असतं तर ते रात्रंदिवस किणकिणलं असतं, आणि हेलकाव्यांनी लोलकांच्या तारांचे आकडे झिजले असते. क्रिस्टल हॉलमध्ये नको म्हणण्याचं हेही एक कारण.

वाऱ्याहून त्रासदायक गोष्ट म्हणजे फिरणाऱ्या पात्याची सावली. दिवा आणि भिंत यांच्या मध्ये पातं आलं की भिंतीवर उजेड फडफडतो, आणि काही जणांचं त्याने डोकं दुखतं. दिवे पात्यांपेक्षा वर असतील तर फडफड भिंतींवर आणि जमिनीवर येते. दिवे पात्यांच्या खाली असतील तर ती वर छतावर जाते, तिथे ती पुष्कळ कमी जाणवते. म्हणून पंख्याचा दांडा आखूड ठेवा आणि झुंबराचे दिवे पात्यांच्या पातळीच्या थोडे खाली येतील असं बघा. वाट्यांची तोंडं खाली असलेलं झुंबर घेतलं तर वर जाणारा उजेडच कमी होतो आणि प्रश्न जवळजवळ मिटतो.

झुंबराने खोली उजळेल ही अपेक्षाही सोडा. ४ वॅटचे आठ एलईडी दिवे मिळून ३२ वॅट होतात. जुन्या ४० वॅटच्या दिव्यांना याच ठिकाणी ३२० वॅट लागले असते, तेव्हा वीज वाचते हे खरं. पण वाट्यांमधून गाळून येणारा तो उजेड एवढ्या मोठ्या हॉलच्या कोपऱ्यांत पुरत नाही. भिंतींवर दोन-तीन दिवे, फॉल्स सीलिंगच्या कडेला लपवलेली पट्टी आणि वाचायच्या खुर्चीजवळ एक उभा दिवा, हे खोली उजळतात. झुंबर खोलीला मध्य देतं. सगळे दिवे ३००० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे घ्या, आणि हॉल व जेवणाची जागा एकमेकांना लागून असल्यामुळे दोन्हीकडे हाच आकडा ठेवा. एकीकडे पिवळसर आणि दुसरीकडे पांढराफटक उजेड असला की महागातलं झुंबरही उपरं दिसतं. डब्यावर रंगांचा निर्देशांक छापलेला असतो, सीआरआय. तो ९० च्या वर असू द्या. साडीचा जांभळा आणि वरणाचा पिवळा खरा दिसतो तो त्यामुळे.

टांगायचं कशाला, तेही इथेच सांगते. खालचा स्लॅब पडून गेलाय, पण मधोमध फॅन बॉक्स, म्हणजे पंखा टांगायच्या हुकाची पेटी, सोडलेला असणार. असं पितळी झुंबर साधारण १० ते १२ किलोंचं असतं. लटकत्या दिव्यांच्या मानकांत टांगणीची परीक्षा दिव्याच्या चौपट वजनाने, तासभर घेतात. १२ किलोंच्या चौपट म्हणजे ४८ किलो, आणि सिमेंटची गोणी असते ५० किलोंची. घर बांधताय तेव्हा गोणी घरात आहेच. फॅन बॉक्सच्या हुकाला दोरखंडाने एक गोणी टांगा, खाली कोणी जाणार नाही याची काळजी घ्या, आणि तासाभराने हुकाजवळचं प्लॅस्टर बघा. बारीकशी चीर दिसली, हुकाचं तोंड जरा जरी उघडलेलं दिसलं, तरी तो हुक बाद. मग इंजिनिअरला विचारून स्लॅबमध्ये अँकर फास्टनर, म्हणजे काँक्रीटमध्ये घट्ट बसणारे बोल्ट, ठोकून वेगळी पट्टी बसवायची. पीओपीच्या किंवा जिप्समच्या छताला झुंबर कधीही टांगू नका, मिस्त्री कितीही छातीठोकपणे सांगो. आणि धातूच्या अंगाला अर्थिंगची तार जोडलेली आहे ना, हे स्वतः बघा. बरेच वायरमन दोनच तारा जोडून मोकळे होतात.

जेवणाच्या जागी तुमच्या मुलाचं ऐका. टेबल ६ बाय ३ फुटांचं असेल, तर त्यावर दिव्याची रुंदी टेबलाच्या रुंदीच्या अर्ध्यापासून दोन तृतीयांशापर्यंत असावी, म्हणजे १८ ते २४ इंच. लांबट टेबलावर गोल कड्यापेक्षा लांबट, आडवी पट्टी किंवा एका ओळीत दोन-तीन छोटे लटकते दिवे बरे दिसतात. मुलाला कडेच हवे असतील तर एकात एक गुंतवलेले दोन लहान कडे घ्या. टेबलापासून झुंबराच्या तळापर्यंत ३० ते ३६ इंच ठेवा. तुमचं छत १० फुटांचं आहे, तेव्हा ३६ कडे झुकलेलं बरं. समोर बसलेल्याचा चेहरा दिव्याने झाकला जात नाही आणि ताटातला पदार्थ नीट दिसतो, ही त्याची परीक्षा. दोघांना समोरासमोर बसवून बघा.

इथे एलईडीचे कडे सुचवण्याचं कारण फोडणी हे आहे. स्वयंपाकघर शेजारी असलं की तेलाची वाफ हवेत येते आणि जेवणाच्या टेबलावरच्या दिव्यावर चिकट थर धरते. त्यावर धूळ बसली की कोरड्या फडक्याने निघत नाही. सपाट कडं ओल्या फडक्याने दोन मिनिटांत पुसलं जातं, लोलकांच्या झुंबराला अख्खी दुपार जाते. एक गोष्ट मात्र घेतानाच विचारा. या कड्यांमध्ये दिवा बदलता येत नाही. उजेड देणारी पट्टी बहुधा टिकते, आधी जातो तो ड्रायव्हर, म्हणजे पट्टीला हवी तशी वीज पुरवणारा भाग, आणि आपल्याकडे वीज कमी-जास्त होते तेव्हा लवकर जातो. ड्रायव्हर वेगळा काढता येतो का, त्यावरचे व्होल्ट आणि अँपिअर छापलेले आहेत का, तसाच बाजारात मिळतो का, याची उत्तरं नीट मिळाली नाहीत तर ते कडं घेऊ नका. आणि पंगतीसाठी टेबल बाजूला सरकवता, तेव्हा तो खाली आलेला दिवा डोक्याला लागेल. तार वर गुंडाळून अडकवायला छताला एक छोटा हुक आधीच लावून घ्या.

झोपायच्या खोल्यांत झुंबराची मला गरजच दिसत नाही. पलंगाच्या वर पंखा असतो आणि तो तिथेच हवा. बऱ्याच घरांत मच्छरदाणीही असते. उताण्या माणसाला झुंबर खालून दिसतं, म्हणजे दिव्याचे होल्डर, स्क्रू आणि थेट डोळ्यांत येणारा उजेड. हौसच असेल तर पायथ्याच्या बाजूला, कापडी किंवा दुधी काचेच्या गोल छत्रीचं, तळ झाकलेलं, लहान झुंबर लावा आणि मंद करण्याचं बटण बसवा. दिवेही मंद होणारेच घ्या, साधे घेतले तर ते फडफडतात. उशाच्या बरोबर वर काचेचं काहीही टांगू नका. याहून चांगलं म्हणजे पलंगाच्या दोन्ही बाजूंना एकेक छोटा लटकता दिवा, बटण हाताशी. पहाटे लवकर उठणाऱ्याने आपल्यापुरता लावावा.

देवघरात समई आहे, निरांजन आहे, उदबत्ती आहे. तुपाची आणि तेलाची काजळी काचेवर बसते. तिथे झुंबर नको. मंदसा एक दिवा वरच्या कोपऱ्यात, देवांच्या चेहऱ्यांवर पडेल असा, एवढंच पुरे. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर झुंबराची जागाच नव्हे. बाहेरच्या पोर्चसाठी कंदिलाच्या धाटणीचा बंद काचेचा दिवा घ्या, धूळ-पाण्यापासून किती बचाव होतो ते सांगणारा आकडा आयपी ५४ किंवा त्याहून वरचा असलेला. मे महिन्यातल्या आंधीत बारीक धूळ उघड्या दिव्याच्या आत जाऊन बसते आणि पहिल्या पावसात तिचा चिखल होतो.

आता हंडी. मला विचाराल तर तुमच्या घरातली ही सगळ्यात मोलाची वस्तू आहे. ती जिथे शोभेल ती खोली तुम्ही राखली आहे, हे वाचून फार बरं वाटलं. हंड्या-झुंबरं हा आपल्याकडे जोडीनेच येणारा शब्द. सरदारांच्या वाड्यांत आणि देवळांच्या सभामंडपांत झुंबराच्या अवतीभवती हंड्या टांगलेल्या असत. त्या काळी बरीच काच बाहेरून यायची. बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीने तर संस्थानिकांना माल पुरवण्यासाठी कोलकात्यात दुकान काढलं होतं. तुमची हंडी कुठली ते फोटोशिवाय सांगता येणार नाही, पण ती वापरात आणता येईल का, हे तुम्ही घरीच बघू शकता.

गादीवर जाड चादर अंथरा आणि हंडी तिच्यावर ठेवा. आधी कोरड्या मऊ कुंच्याने धूळ झाडा, मग कोमट पाण्यात चार थेंब साबण टाकून कापसाच्या बोळ्याने पुसा. बोअरचं पाणी वापरू नका, सुकल्यावर पांढरे डाग राहतात. हंडीवर सोनेरी वेलबुट्टी असेल तर तिथे साबणही नको, नुसता ओलसर बोळा. पूर्ण वाळल्यावर नखाने हलकेच टिचकी मारा, काठापासून खालपर्यंत, सगळीकडून. काच अखंड असेल तर स्वच्छ, थोडा लांबणारा नाद येतो. कुठे नाद बसका आला तर तिथे बारीक चीर आहे असं समजा, आणि खिडकीच्या उजेडात तिरकं धरून बघा. चीर काठावर असेल तर ती हंडी कपाटात मांडा, टांगू नका, कारण सगळा भार पितळी पट्टा काठावरच टाकतो. काच निर्दोष असेल तर जुनी साखळी, पट्टा आणि हूक एखाद्या जाणत्या पितळवाल्याकडून तपासून घ्या. आत नवीन होल्डर, नवीन तार, आणि ३ ते ४ वॅटचा एलईडी दिवा. तापणारा जुना बल्ब त्या काचेत कधीही लावू नका. पितळेला घासून चकचकीत करायचा मोह होईल, तो आवरा. त्यावरची काळसर झाक काचेला फार शोभते.

दगडी पट्ट्यांच्या छतात पूर्वीचं लोखंडी कडं बहुधा असतंच. ते कडं दगडात शिसं ओतून बसवलंय की गर्डरला अडकवलंय, ते बघा. गर्डरला असेल तर निर्धास्त राहा. दगडात असेल तर गंज किती आहे ते तपासा. गंजलेलं लोखंड फुगतं आणि दगडाचा कपचा काढतं. पट्टीत नव्याने भोक पाडू देऊ नका, ड्रिलच्या धक्क्याने दगड आडवा तडकू शकतो. गोणीची परीक्षा इथे करू नका. हंडीचं वजन करा आणि त्याच्या चौपट वाळू पिशवीत भरून टांगा. या खोलीत दुसरं झुंबर लावू नका, भिंतीवर दोन साधे दिवे पुरेत.

राहिला जिना, आणि वहिनींचं क्रिस्टल तिथलंच. खालच्या मजल्यापासून वरच्या स्लॅबपर्यंत तुम्हाला २० फुटांच्या आसपास उंची मिळते. तिथे पंखा नाही, फोडणीची वाफ नाही, कोणी तिथे तासन्‌तास बसत नाही, आणि बघणारा लांब असतो. उघडे दिवे, स्वच्छ काच, लोलक, सगळं इथे खुलेल. लांबट, वरून खाली उतरणारं झुंबर घ्या. व्यास जिन्याच्या मधल्या पोकळीच्या निम्म्याहून कमी ठेवा, आणि कठड्यापासून सगळीकडे किमान २ फूट लांब, म्हणजे पोरांचा हात पोचणार नाही. वरच्या मजल्यावरून झुंबराचा माथा दिसणार आहे, म्हणून दुकानात शिडी मागून ते वरून बघा. बऱ्याच झुंबरांचा माथा ओबडधोबड पत्र्याचा असतो, वायरी बाहेर आलेल्या असतात.

लोलक कशाचे आहेत ते तपासा. शिशाच्या काचेचे खरे क्रिस्टल जड असतात, हाताला थंड लागतात आणि पैलूंच्या कडा धारदार असतात. मोबाइलचा टॉर्च धरला की समोरच्या भिंतीवर रंग स्वच्छ पडतात. के-९ नावाने मिळते ती शिसं नसलेली चांगली काच, घरासाठी ती पुरेशी आहे. अ‍ॅक्रिलिक हलकं असतं आणि काही वर्षांत पिवळं पडतं, ते टाळा. वेळ असेल तर आग्र्याच्या पुढे फिरोजाबादला जाऊन या. बांगड्यांसाठी ते गाव सगळ्यांना ठाऊक आहे, पण झुंबरंही तिथे बनतात आणि मापाने बनवून मिळतात. कुठूनही घ्या, दहातला एक या हिशेबाने सुटे लोलक आणि दोन जास्तीच्या काचेच्या फांद्या त्याच वेळी मागून घ्या. चार वर्षांनी त्याच कापाचा लोलक मिळत नाही.

असं झुंबर ३० ते ४० किलोंचं असू शकतं. चौपट म्हणजे १२० ते १६० किलो, सिमेंटच्या साधारण अडीच ते सव्वातीन गोण्या. हा भार फॅन बॉक्सवर टाकायचा नाही. वरचा स्लॅब अजून पडायचाय हे तुमचं नशीब. सळया बांधून झाल्या की, काँक्रीट ओतायच्या आधी, जाड सळईचा यू आकाराचा हुक स्लॅबच्या जाळीत गुंतवून त्याचे दोन्ही पाय जाळीवर लांब पसरवून बांधायला इंजिनिअरला सांगा. सळईची जाडी आणि पायांची लांबी त्यांना वजन सांगून त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. हुक जिन्याच्या पोकळीच्या बरोबर मध्यावर यायला हवा, म्हणून खालून ओळंबा सोडून जागा खुणावून द्या. काँक्रीट ओतताना तो हलतो, तेव्हा त्या वेळी कोणीतरी घरचं माणूस वर उभं असावं.

त्याच वेळी झुंबर वर-खाली करणाऱ्या विजेच्या विंचचाही निर्णय घ्या. २० फुटांवरचं झुंबर पुसायला परांची बांधावी लागते. तो खर्च टाळण्यासाठी लोक पुसतच नाहीत, आणि आपल्याकडची धूळ दोन उन्हाळ्यांत क्रिस्टल राखाडी करून टाकते. विंच असेल तर झुंबर खाली घ्या, वीज मुख्य बटणापासून बंद करा, सुती हातमोजे घाला, आणि तीन भाग डिस्टिल्ड वॉटरमध्ये एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन एका मोज्याने ओलं पुसा, दुसऱ्याने कोरडं. फवारा थेट झुंबरावर मारू नका. पुसताना झुंबर गोल फिरवू नका, तुम्ही त्याच्याभोवती फिरा. फिरवल्याने वरचा आटा सुटतो. पाऊस सुरू झाल्यावर एकदा आणि दिवाळीआधी एकदा, एवढं केलं की पुरतं.

विंच वरून बसवायची तर गच्चीवर किंवा स्लॅबखाली तिच्यापर्यंत हात पोचेल अशी जागा सोडावी लागेल, स्वतंत्र वीजजोडणी लागेल आणि तिचं स्वतःचं वजन हुकाच्या हिशेबात धरावं लागेल. विंच आज घ्यायची नसली तरी स्लॅबमध्ये २५ मिलिमीटरचे दोन पाइप टाकून ठेवा, एक दिव्यांसाठी, एक विंचसाठी. दिव्यांच्या पाइपातून दोन वेगवेगळ्या बटणांच्या तारा घ्या, म्हणजे रोज रात्री निम्मे दिवे लावता येतील आणि सणाला सगळे. झुंबर पुढच्या वर्षी घेतलं तरी चालेल. हुक आणि हे दोन पाइप मात्र स्लॅबच्या दिवसाआधी सळयांमध्ये बसलेले हवेत, आणि पाइपांची तोंडं कागदाने नव्हे, टेपने बंद केलेली हवीत, नाहीतर काँक्रीटचं पाणी आत जाऊन ते कायमचे बुजतात.